दर गुरुवारी हरवणाऱ्या मावशी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कार्यालयाचे संस्थापक, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो ते सर, प्रमुख पाहुण्या, डोळ्यांच्या रुग्णालयातल्या आदरणीय डॉक्टरबाई, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या मावशी, पहिल्या रांगेत उजव्या टोकाला बसलेल्या त्यांच्या थोरल्या भगिनी, मावशींचं ऐकून ज्यांना आम्हीही ताईच म्हणतो, माझे सहकारी, आणि मागे भिंतीला पाठ लावून बसलेल्या, या वर्षी नव्यानं शिकायला आलेल्या मंडळींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्यांनी आज चार ते पाच काम बंद ठेवण्याचं कबूल केलं होतं. खिडकीबाहेर वाफ दिसते आहे, त्याअर्थी ते विसरले असावेत. चालायचंच. मावशींचे नऊ वर्षांचे गुरुवार याच वाफेत गेले, निरोपही त्यातच होऊ दे.

मला पंधरा मिनिटं दिलेली आहेत. जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे की मी कागद घेऊन बोलत नाही. आज मात्र लिहून आणलंय आणि ते वाचून दाखवणार आहे. तशी मला आज्ञाच आहे. कोणाची, ते ओघात येईल.

मागच्या रांगेतल्या मंडळींना प्रश्न पडला असेल की मावशी इथे नेमकं काय करत होत्या. हजेरीपटावर त्यांच्या पुढे ‘सल्लागार’ असं लिहिलेलं आहे. तो शब्द सरांनी घातला, कारण खरं काम तिथे लिहिता येण्यासारखं नव्हतं. मावशींचं काम होतं हरवणं. दर गुरुवारी दोन ते पाच, त्या खिडकीजवळच्या मेजाशी बसायच्या. आम्ही नवी केलेली वेबसाइट त्यांच्या पुढ्यात ठेवायचो. कधी बसच्या वेळापत्रकाची, कधी पाणीपुरवठ्याची, कधी ग्रंथालयाची. मावशी तिच्यात फिरायच्या आणि कुठे वाट चुकली ते सांगायच्या. ज्यानं ती केली त्यानं शेजारी बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि तोंड उघडायचं नाही. “अहो मावशी, ते वर आहे ना” असं म्हणायची सक्त मनाई. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांनी एकदा करून बघावं. आपण बांधलेल्या घरात कोणी चाचपडत फिरतंय आणि आपण गप्प बसायचं, हे फार अवघड असतं.

आता, मावशी इथे आल्या कशा? कार्यालयात असं सांगितलं जातं की सरांनी त्यांना शोधून आणलं. ते खरं नाही. मावशी स्वतः आल्या, आणि त्या आल्या तेव्हा मी इथे होते. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि थोडं माझ्याबद्दल बोलावं लागेल. निरोपाच्या भाषणात वक्त्यानं स्वतःबद्दल बोलू नये हे मला कळतं. पण आज इलाज नाही.

माझे वडील शिंपी. लहानपणापासून मी त्यांच्या दुकानात बसून कागदाचे बेत, म्हणजे कपड्यांचे नमुने, कापायचे. त्यांचा एकच दंडक होता, माप घेतल्याशिवाय कात्रीला हात लावायचा नाही. तिथून मी वेबसाइटचं काम शिकायला गेले. सहा महिन्यांचा वर्ग, आणि तेविसाव्या वर्षी या खोलीत, त्या दाराजवळच्या खुर्चीवर.

मंगळवारी तुमच्यापैकी एकीनं मला विचारलं, “मॅडम, हे सगळं कळायला किती दिवस लागतात?” मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आज खरं सांगते. मला काहीही कळत नव्हतं. मी एक चौकोन डावीकडे ठेवायचे, तो उजवीकडे जाऊन बसायचा. एक ओळ मधोमध आणायचे, तर तिच्या खालचं सगळं घरंगळत जायचं. शेजारचे सहकारी पटापट बोटं चालवत असायचे आणि एकमेकांशी असे शब्द बोलायचे की जणू मी दुसऱ्याच्या घरच्या लग्नात येऊन बसलेय. विचारायची लाज वाटायची. मग मी दुसऱ्यांनी केलेली तयार पानं उचलायचे, त्यातले शब्द बदलायचे आणि देवाचं नाव घेऊन पुढे ढकलायचे.

त्या दिवसांत मला पानांची स्वप्नं पडायची. एक मोठी पांढरी खोली असायची, तिला भिंतीच नसायच्या. माझ्या हातात शब्दांची एक ओळ असायची, ओल्या कपड्यासारखी, आणि ती कुठे वाळत घालायची ते कळायचं नाही. कुठेतरी ठेवली की ती पाण्यावर ठेवल्यासारखी हळूहळू माझ्यापासून लांब जायची. मी तिच्या मागे चालायचे. घाबरायला व्हायचं नाही त्या स्वप्नात. नुसतं चालत राहायचं. जाग आली की पाय दुखत असल्यासारखे वाटायचे.

एकदा वडिलांना मी विचारलं होतं, “बाबा, ज्याचं माप माहीत नाही अशा माणसाचा सदरा कसा शिवायचा?”

त्यांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. मग म्हणाले, “शिवायचा नाही. आधी त्याला बोलवायचं.”

मला वाटलं, बाबांना आमच्या कामातलं काय कळणार. हसून सोडून दिलं.

चौथ्या महिन्यात डोळ्यांच्या रुग्णालयाचं काम आलं. डॉक्टरबाई, तेच काम. रुग्णांनी घरबसल्या भेटीची वेळ घ्यायची, अशी ती वेबसाइट होती. ते काम एका उंच सहकाऱ्याकडे होतं. आम्ही त्याला लंबू म्हणायचो. त्यानं सगळी आतली यंत्रणा लावली, आणि शेवटचं पान राहिलेलं असताना तो नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेला. ते शेवटचं पान माझ्याकडे आलं, कामांच्या यादीत नाव मात्र त्याचंच राहिलं.

त्या पानावर दोन बटणं होती. एक मोठं, नारिंगी, ‘ठीक आहे’ असं लिहिलेलं. दुसरं फिकट करडं, ‘भेट पक्की करा’ असं लिहिलेलं. नारिंगी बटण फक्त सूचना वाचल्याचं होतं. ते दाबलं की पान मिटायचं, माणूस पहिल्या पानावर जायचा आणि भरलेलं सगळं पुसलं जायचं. खरं बटण करडं. तयार नमुन्यात ते तसंच होतं, तसंच राहिलं. कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर दोन्ही शेजारीशेजारी दिसत होती. सरांनी पाहिलं, “छान आहे” म्हणाले. पान लोकांसाठी खुलं झालं.

पण फोनचा पडदा लहान असतो. तिथे दोन गोष्टी शेजारी मावत नाहीत, मग एक आपोआप दुसरीच्या खाली सरकते. हे आज मागच्या रांगेतल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. तेव्हा ते मला माहीत नव्हतं. फोनवर नारिंगी बटण समोर राहिलं आणि करडं खाली गेलं, इतकं खाली की कोणी मुद्दाम पान वर सारलं तरच दिसावं.

त्याच महिन्यात, इथून तीन गल्ल्यांपलीकडे, दोन बहिणी एका फोनवर वाकून बसल्या होत्या. धाकटीनं एकतीस वर्षं टेलिफोनच्या कार्यालयात लोकांचे फोन जोडून दिले होते. थोरलीनं त्याहून जास्त वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. थोरलीचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू. सगळं वाचन उजव्या डोळ्यावर चाललेलं. त्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर सूज आली होती आणि दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू करा असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

मावशींनी अर्ज भरला. ताई शेजारी बसून सांगत होत्या. ताईंनी आपल्या आडनावातली वेलांटी दोनदा तपासायला लावली, हे मावशींनीच मला सांगितलंय. सगळं भरून झालं आणि समोर नारिंगी बटण आलं. मावशींनी ते दाबलं. पहिलं पान आलं, त्यावर हसऱ्या डोळ्यांच्या एका बाईचं चित्र होतं. मावशींना वाटलं, ती बाई आपलं काम झालं म्हणून हसतेय.

ठरल्या दिवशी दोघी सकाळी तयार होऊन, कागदपत्रांची पिशवी घेऊन रुग्णालयात गेल्या. यादीत नाव नव्हतं. त्या दिवसांत तिथे गर्दी फार होती. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली.

ताईंना आता कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर माणूस बसला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुकं असतं. वाचता येत नाही. मी डॉक्टरबाईंना मागच्या महिन्यात विचारलं, पाच आठवडे आधी उपचार झाले असते तर डोळा वाचला असता का? त्या म्हणाल्या, “कदाचित. कदाचित नाही. हे कोणालाच सांगता येणार नाही.” मी त्यांची आभारी आहे, कारण ‘नाही’ म्हणून माझी समजूत काढणं त्यांना सोपं होतं.

तर मावशी आल्या तो गुरुवार होता. जेवणाची सुट्टी नुकती संपली होती. त्या दारात थांबल्या, म्हणजे माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर.

“वेबसाइट करणारी माणसं इथेच बसतात का?”

सर उठून पुढे आले. “हो. या ना, बसा.”

“बसत नाही. मला एक विचारायचंय फक्त. माझं काय चुकलं?”

त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना खरोखर तेच विचारायचं होतं. पिशवीतून फोन काढून त्यांनी आमच्यासमोर पहिल्यापासून सगळा अर्ज भरला. अगदी सावकाश. आम्ही पाच-सहा जण मागे उभे. नारिंगी बटणापाशी येऊन त्या थांबल्या.

“इथपर्यंत बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” सर म्हणाले.

“मग मी हे दाबलं. ‘ठीक आहे’ लिहिलंय, म्हणजे ठीकच असणार.”

सरांनी फोन हातात घेतला आणि पान अंगठ्यानं वर सारलं. आणखी सारलं. खाली ते करडं बटण होतं.

“यांनी खाली जायला हवं होतं,” कोणीतरी म्हणालं.

मावशींनी मागे वळून पाहिलं. “खाली काही आहे हे मला कुठून कळणार?”

सरांनी फोन मावशींना परत दिला. मग सरांनी विचारलं, “हे शेवटचं पान कोणी केलं?”

मागून एक आवाज आला, “लंबू बघत होता ना हे सगळं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या शेजारी बसायचे, मला माहीत असणार म्हणून. मी म्हणाले, “हो.”

सर, तुम्ही आत्ता माझ्याकडे बघताय. तेव्हाही असंच पाहिलं होतं. तो एक शब्द नऊ वर्षं तसाच राहिला. लंबूला नव्या नोकरीसाठी आपलं शिफारसपत्र हवं होतं, ते या प्रकारानंतर आपण दिलं नाही. तेव्हाही मी गप्प होते.

थोडं पाणी पिते.

मावशी पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या. पान दुरुस्त झालंय का ते बघायला. झालं होतं. पण बघता बघता त्या दुसऱ्याच एका पानात गेल्या आणि तिथून त्यांना बाहेर पडता येईना. आमच्यापैकी एकालाही ते पान अवघड वाटलेलं नव्हतं. सर शेजारी खुर्ची ओढून बसले आणि नुसते बघत राहिले. अर्ध्या तासानं म्हणाले, “तुम्ही दर गुरुवारी याल का?”

“येऊन काय करायचं?”

“आत्ता करताय तेच. हरवायचं.”

मावशी म्हणाल्या, “ते मला जमेल.”

त्यांची एकच अट होती. ताई घरी एकट्या असायच्या आणि वाचन सुटल्यापासून दुपार त्यांना खायला उठायची. म्हणून मावशी आल्या की ताईंना फोन लावायच्या, फोन मेजावर उताणा ठेवायच्या आणि पडद्यावर काय दिसतंय ते त्यांना सांगत फिरायच्या. एकतीस वर्षं अनोळखी माणसांना एकमेकांपर्यंत पोचवलेला तो आवाज. त्यात घाई कशी ती नसायचीच. खिडकीतून तिरपं ऊन आत यायचं, त्यात खालची वाफ चढायची, आणि ते तीन तास ही खोली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. आम्ही आपापलं काम करायचो, पण कान तिकडे असायचे.

ग्रंथालयाची वेबसाइट होती तेव्हाचं मला अक्षरन्‌ अक्षर आठवतं.

“ताई, सगळं पांढरं आहे. आणि वर कोपऱ्यात तीन रेघा आहेत, एकाखाली एक.”

“कसल्या रेघा? काही खोडलंय का?”

“नाही. नीट आखल्यात.”

“मग अजून लिहायचं राहिलं असेल.”

“असेल. आपण पुढे जाऊ.”

त्या तीन रेघांच्या आत आम्ही सगळं ग्रंथालय ठेवलं होतं. पुस्तकांची यादी, वेळा, सभासदत्व, सगळं. आमच्या हिशेबी जगातल्या प्रत्येक माणसाला त्या रेघांचा अर्थ माहीत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही रेघा काढल्या आणि तिथे ‘यादी’ असा शब्द लिहिला.

एकदा एका पानावर चित्रं आपोआप सरकत होती. मावशी वाचायला लागल्या की ओळ निघून जायची. ताई फोनवरून म्हणाल्या, “थांबव त्याला.” मावशी म्हणाल्या, “थांबत नाही गं. मीच थांबते, ते फिरून येईल.” आणि त्या खरंच वाट बघत बसल्या, स्टॉपवर बसची वाट बघावी तशा. दुसऱ्या एका ठिकाणी पाऊल टाकताच समोर चौकट आली. “ताई, आमच्या आवडीनिवडी लक्षात ठेवू का असं विचारताहेत.” “ओळख ना पाळख, आणि आवडीनिवडी?” ताई म्हणाल्या. “नको म्हण.” तर ‘नको’ म्हणायची सोयच नव्हती. ‘हो’ होतं आणि ‘नंतर विचारा’ होतं. ती चौकट कोणी केली होती ते मी सांगत नाही, तो सहकारी आज सूत्रसंचालन करतोय.

मी हसत हसत सांगतेय, पण त्या मेजाशी हात मांडीवर ठेवून बसताना मला जे व्हायचं ते हसण्यासारखं नव्हतं. मावशी जे प्रश्न विचारायच्या ते माझेच होते. मी गिळलेले. ‘हे इथे का आहे?’ ‘हे दाबलं तर काय होईल?’ ‘मी परत कशी येऊ?’ त्या मोठ्यानं विचारायच्या आणि सगळी खोली उत्तर शोधायला लागायची. त्यांच्या आडोशानं मी शिकले. पाण्यावरच्या ओळींमागे चालण्याचं स्वप्न पुढेही पडत राहिलं, पण आता त्यात माझ्या पुढे कोणीतरी सावकाश चालत असायचं आणि वाटेत काय काय लागतंय ते सांगत असायचं. लोक म्हणतात मी या कामात हुशार आहे. मी हुशार नाही. मला एक माणूस दर गुरुवारी भेटलं, एवढंच.

आणि दर गुरुवारी, मावशी उठून गेल्यावर, मी तो एक शब्द आठवायचे.

तीन महिन्यांपूर्वी होडीच्या तिकिटांची वेबसाइट मावशींपुढे ठेवली. एका मिनिटाच्या आत तिकीट हातात. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी वाजवल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरला.

“पान चांगलं आहे म्हणून जमलं असं नाही,” त्या म्हणाल्या. “मला सवय झालीय. बटण कुठे असणार ते बोटाला आधीच कळतं. मी आता हरवत नाही.”

सर म्हणाले, “मग काय झालं? याच तुम्ही.”

“हरवल्याचं सोंग करता येईल. पण ते तुमच्या कामाचं नाही. दुसरं कोणीतरी बघा, ज्याला खरंच कळत नाही.”

आजचा हा समारंभ त्यांनी स्वतः मागून घेतलेला आहे, हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

त्या दिवशी मी त्यांना सोडायला जिना उतरत होते. मधल्या पायरीवर त्या दम घ्यायला थांबल्या, आणि का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. म्हणाले, “मावशी, ते शेवटचं पान लंबूचं नव्हतं.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. सगळे माझ्या फोनकडे बघत होते. तू एकटी जमिनीकडे बघत होतीस.”

मी पायरीवर बसले. त्याही बसल्या. खालून कपड्यांचा गरम वास येत होता.

“मग बोलला का नाहीत?”

“आधी राग होता. रागात माणूस वेडंवाकडं बोलतं, म्हणून नाही बोलले. मग दिसलं की तू शिकतेयस. तेव्हा म्हटलं, आत्ता बोलले तर ही रडेल, नोकरी सोडेल, आणि पानं तशीच राहतील.” पुढे म्हणाल्या, “मग तू आवडायला लागलीस. मग तर फारच अवघड झालं.”

“ताईंना माहीत आहे?”

“ते मी कसं सांगू? ते तुझं आहे.”

मी लंबूला फोन केला. नऊ वर्षांनी. तो म्हणाला, “मला कळलंच होतं. त्या बटणाचे कोपरे गोल होते. मी कधी कोपरे गोल करत नाही.” आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला, “पत्र मिळालं नाही त्याचं मात्र लागलं होतं गं.” मी त्याची माफी मागितली. तो “बरं” म्हणाला. त्या ‘बरं’चा अर्थ काय ते मी त्याला विचारलेलं नाही. सर, ते पत्र अजून देता येईल का, हे मी आपल्याला उद्या येऊन विचारणार आहे.

ताईंकडे मी दोनदा गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीला टेकून पुस्तकं, त्यांच्यावर स्वच्छ कापडं घातलेली. दोन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून परत आले. दुसऱ्यांदा निघताना ताई म्हणाल्या, “दोनदा आलीस आणि दोनदा नुसतं पाणी पिऊन चाललीस. काहीतरी सांगायचंय तुला. बोलता येत नसेल तर लिही. मी आयुष्यभर लिहिलेलंच तपासलंय. त्या समारंभाला मी येणारच आहे, तिथे वाचून दाखव.”

मी म्हटलं, “सगळ्यांसमोर?”

“मागे नवी मुलं बसलेली असतात म्हणे. त्यांनाही ऐकू दे.”

म्हणून हा कागद. ताई, आतापर्यंतचं सगळं तुम्ही ऐकलंतच. तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही हे मला माहीत आहे, आणि ही सवलत मी घेऊ नये म्हणून मी मेजाच्या पुढे येऊन उभी राहते. आता शेवटची दोन वाक्यं वाचते.

‘नऊ वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या वेबसाइटचं काम करताना माझ्याकडून अनवधानानं चूक झाली. त्यामुळे आपल्याला जो त्रास सहन करावा लागला त्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त…’

क्षमा करा. ताई काहीतरी म्हणताहेत.

मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. ताई विचारताहेत, ‘चूक झाली’ यात कर्ता कुठे आहे?

त्या म्हणताहेत की अगदी सुरुवातीपासून असंच चाललंय. पान आलं, बटण राहिलं, पान खुलं झालं. सगळं आपोआप. ‘दुरुस्त करून वाच,’ म्हणताहेत.

कोणाकडे पेन आहे का? आभारी आहे, डॉक्टरबाई. एक मिनिट द्या.

हं.

‘ते शेवटचं पान मी केलं. मला ते काम येत नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नाही. फोनवर ते कसं दिसतं हे मी पाहिलं नाही. कोणी केलं असं सरांनी विचारलं, तेव्हा मी दुसऱ्याचं नाव लागू दिलं आणि नऊ वर्षं तसंच ठेवलं. ताई, मी तुमची माफी मागते.’

ताई?

ताई म्हणताहेत, “आता वाक्यं बरोबर आहेत. पुढे वाच.”

पुढे फक्त आभार आहेत. अध्यक्षांनी मला वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांचे आभार. डॉक्टरबाई रुग्णालयातून वेळ काढून आल्या, त्यांचे आभार. मावशी, तुमचे आभार मानायला मी बसले तर पुन्हा नऊ वर्षं लागतील, तेव्हा आज नुसता वाकून नमस्कार करते. मागच्या मंडळींनो, पुढच्या गुरुवारपासून त्या खिडकीजवळ दुसरं कोणीतरी बसेल. त्यांना काही कळणार नाही. त्यांच्या शेजारी गप्प बसायला शिका, आणि तुम्हाला कळत नसेल तेव्हा मात्र गप्प बसू नका.

बोलण्याच्या भरात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, शब्द कमीजास्त असतील. त्या सगळ्याची कर्ती मीच आहे. आपण पोटात घालावं, ही विनंती. नमस्कार.